डावीकडे जाताना तुटणारा दोरा

"टेन्शन सैल कर ना जरा."

मशिनवर दोरा तुटला आणि शेजारी कुणी उभं असेल तर हे वाक्य येणारच. परवा एक मैत्रीण आली होती, तिने तर बोलायच्या आधीच हात पुढे केला, स्क्रू फिरवायला. मी तिचा हात धरला, जरा जोरातच धरला असेन, कारण ती म्हणाली "अगं, मोडत नाहीये मी!" आणि मग आम्ही दोघी हसलो, विषय संपला. पण तो पुढे आलेला हात काही माझ्या डोक्यातून जाईना. शिवणकाम येणारी असो, न येणारी असो, सगळ्यांचा हात बरोब्बर दोऱ्याचा ताण, म्हणजे टेन्शन, ठरवणाऱ्या त्या एकाच गोल चकतीकडे कसा जातो? विचार करता करता लक्षात आलं की अख्ख्या मशिनवर आकडे फक्त दोनच ठिकाणी आहेत, एक टाक्याची लांबी ठरवायच्या पट्टीवर आणि एक या चकतीवर, शून्य ते नऊ. आकडे दिसले की माणसाला वाटतं बिघाड इथेच असणार, निदान दुरुस्ती तरी इथूनच होणार. सुईच्या नेढ्यावर आकडा नाही, सुई जिथून खाली उतरते त्या प्लेटच्या भोकावर नाही, खाली दोऱ्याचा फास धरणाऱ्या शटलच्या टोकावर नाही, त्यामुळे तिकडे कुणी बघतच नाही बिचाऱ्यांकडे. आणि गंमत म्हणजे टेन्शन सैल केलं की दोरा खरोखरच थोडा कमी तुटतो. म्हणजे आजार तसाच, फक्त ताप उतरलेला. खालच्या बाजूला मात्र टाके लोंबायला लागतात, आणि ते गोधडी उलटी केल्यावरच कळतं.

मशिन आत्याचं. काळं, सोनेरी नक्षी अर्धीअधिक पुसलेली, जिथे कायम मनगट टेकायचं तिथे तर नुसतं काळंभोर राहिलेलं. सिंगरच्या पंधरा क्लासच्या घडणीचं आहे, आणि ही घडण पुढे जगभर इतक्या कारखान्यांनी जशीच्या तशी उचलली की त्याच्या सुया, बॉबिना (खालच्या दोऱ्याची छोटी रिळं) आजही सहज मिळतात. सरळ टीप घालायला याच्यासारखं मशिन नाही हे मी कुणाशीही भांडून सांगेन. चौकोन जोडले, पट्ट्या जोडल्या, वरचं सगळं जोडकाम त्याच्यावर झालं, एकदासुद्धा दोरा तुटला नाही. मग तीन थर एकावर एक ठेवले, वर जोडकाम, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर, मोठे कच्चे टाके घालून घेतले आणि क्विल्टिंगला, म्हणजे तिन्ही थर एकत्र शिवायला, बसले. त्यासाठी कापड पुढे ढकलणारे दाते खाली पाडायचे असतात. ते पाडले की कापड सरकवायचं काम मशिनकडे राहत नाही, तुमच्या दोन हातांकडे येतं, सुई नुसती वरखाली होत राहते आणि तुम्ही गोधडी फिरवाल तशी नक्षी उमटते. मी वेल काढत होते. वेल उजवीकडे वळली, छान. माझ्याकडे आली, माझ्यापासून लांब गेली, छान. डावीकडे वळली की चार बोटं जात नाही तोच दोरा तुटला. परत ओवला, परत उजवीकडे छान, परत डावीकडे तेच.

तुटल्याचा आवाज खरं तर येत नाही. आवाजात बदल होतो तेवढाच. टाका बसत असताना त्या ठकठकीत एक भरीवपणा असतो, दोरा गेला की ती पोकळ होते, आणि तोपर्यंत हात आपल्या नादात अजून थोडे पुढे गेलेले असतात. मग गोधडी उचलून बघावं तर वेलीच्या पुढे सुईची नुसती रिकामी भोकं, ओळीने, अगदी सुबक वळण घेऊन गेलेली. याचा मला राग येतो की हसू येतं हे अजून ठरलेलं नाही.

आत्याकडे असं झालं की ती आधी मशिनकडे बघायचीच नाही. तुटलेलं टोक चिमटीत धरायची, उजेडासमोर न्यायची, डोळे बारीक करायची, आणि मग तेच टोक खालच्या ओठावरून हळूच फिरवायची. लहानपणी मला ते किळसवाणं वाटायचं, सगळीकडे पडलेला दोरा आणि ही तोंडाला लावते! बोटांना काम करून करून घट्टे पडतात, ओठांना पडत नाहीत, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, मला फार उशिरा कळलं. टोक स्वच्छ तुटलेलं असेल, कापल्यासारखं, तर दोरा कुठेतरी एकदम अडकला आणि हिसका बसला असं समजायचं, किंवा टेन्शन खरंच फार घट्ट आहे, किंवा धारदार कशाने तरी तो चक्क कापला गेला. टोक झाडूसारखं पिंजारलेलं असेल तर तो हळूहळू घासून घासून गेलेला आहे. अर्धा पदर आधी तुटतो, बाकीचे पदर थोडं अंतर ओढत नेतात, मग तेही सोडतात. माझं टोक पिंजारलेलं होतं. ओठावरून फिरवून बघायची गरजच नव्हती, तरी फिरवलं.

आणि पिंजारलेल्या टोकाचं एक असतं, दोरा जिथे तुटला तिथे तो बिघडलेला नसतो, बिघडतो आधीच. कसं ते सांगते, कारण हे समजलं तेव्हा मी शिवायचं सोडून हाताने चाक फिरवत किती तरी वेळ नुसती बघत बसले होते. हाताच्या सुईला नेढं बुडाशी असतं, अख्खी सुई कापडातून आरपार जाते. मशिनच्या सुईला नेढं टोकाशी. ती कापडात शिरते आणि आल्या वाटेनेच परत वर जाते, खाली ठेवून जाते फक्त दोऱ्याचा एक फास. त्या फासातून खालचा दोरा गेला पाहिजे तर टाका. एलियास हाऊला १० सप्टेंबर १८४६ रोजी ज्या मशिनचं पेटंट मिळालं त्यात खालचा दोरा एका धोट्यात होता, धोटा फासातून इकडून तिकडे जायचा. पुढे १२ ऑगस्ट १८५१ या एकाच दिवशी आयझॅक सिंगर आणि अ‍ॅलन विल्सन अशा दोघांना आपापली पेटंटं मिळाली. नाव अजरामर झालं सिंगरचं, पण मला त्या दिवसातला खरा हुशार माणूस विल्सन वाटतो. त्याने फिरता हुक काढला. खालचा दोरा धोट्याने फासातून पाठवायचा नाही, वरच्या दोऱ्याचा फासच हुकाने पकडून, ताणून, खालच्या दोऱ्याभोवती फिरवून आणायचा. माझ्या मशिनचं शटल पूर्ण गोल फिरत नाही, अर्धा फेरा जातं आणि परत येतं, पण काम तेच.

आता हिशोब करा. बॉबिनचा व्यास साधारण दोन सेंटिमीटर, ती बसते ती डबी धरून त्याहून जास्त. तिला पूर्ण वळसा घालायचा तर निदान पाचसहा सेंटिमीटर दोरा खाली ओढला जाणार. आणि टाक्यात प्रत्यक्ष खर्च होतो किती? तीनचार मिलिमीटर. बाकीचा सगळा वरची दांडी पुन्हा वर खेचून घेते. म्हणजे दोऱ्याचा कुठलाही एक बिंदू घ्या, तो टाक्यात जाऊन बसायच्या आधी पंधरा-वीस वेळा तरी नेढ्यातून खाली जातो आणि जवळपास तितक्याच वेळा वर येतो. कापडातून, कापसातून, प्लेटच्या भोकातून, शटलच्या अंगावरून. दर वेळी त्याच त्या जागा. एखादी जागा किंचित खरखरीत असेल तर एका वेळेला दोऱ्याला काहीच होत नाही, पंधरा वेळा घासला की पदर सुटतो. चार बोटं शिवून झाल्यावर का तुटतो, पहिल्या टाक्यालाच का नाही, याचं उत्तर हे. मधल्या टाक्यांत तो झिजत असतो आणि वरून टीप अगदी सुरेख दिसत असते.

मग एकेक जागा बघत जायचं. रिळापासून सुरुवात केली, कारण तिथे काही सापडलं तर बरं, खोलायला काही लागत नाही. प्लास्टिकच्या रिळाला टोक अडकवायला जी खाच असते ती दिसायला निरुपद्रवी, पण रीळ उभं ठेवलं आणि खाच वरच्या बाजूला आली तर दोरा दर फेऱ्याला तिच्यावरून हिसका खात येतो. रिळावर दोरा नुसता शेजारी शेजारी गुंडाळलेला असेल तर रीळ फिरायला हवं, दोरा बाजूने सुटायला हवा. फुल्या फुल्यांनी आडवातिडवा गुंडाळलेला असेल तर तो वरून ओढला तरी चालतो, तसाच बनवलेला असतो. उलट केलं तर पीळ कमीजास्त होतो, आणि दोऱ्याची सगळी ताकद पिळात. शिवणाच्या मशिनचे दोरे पिळलेलेच असतात एका ठराविक दिशेने, म्हणजे हुकाने फास धरला की पीळ सुटू नये. हे सगळं बघितलं, ठीक होतं. आत्याच्या डब्यात लाकडी रिळं आहेत, काय रंग आहेत एकेक, विटकरी, मोरपंखी, एक तर असा हिरवा की आता बनतच नसावा. मोह झाला होता. पण त्यातला वीतभर दोरा ओढून दोन हातांत ताणला की आवाज न करता तुटतो. सुती दोरा उजेडाने आणि वयाने आतून संपतो, रंगाला पत्ता लागू देत नाही. ते डबा उघडून बघायला आहेत. आणि हाताने क्विल्टिंग करायचा तो चकचकीत, खळ दिलेला कडक दोरा, तो तर मशिनला अजिबात लावू नका कुणी. मजबूत वाटतो म्हणून लावावासा वाटतो, पण ती खळ टेन्शनच्या चकत्यांत जाऊन बसते आणि मग साधा दोरासुद्धा तिथे अडायला लागतो.

सुईचं तर एक स्वतंत्र पुराण आहे. जुन्या मशिनवर सुईची सपाट बाजू मागे नसते, कडेला असते, कुठल्या कडेला ते मशिनमशिनवर आहे. खूण एवढीच की जिकडे लांब चर आहे तिकडून दोरा ओवायचा, आणि सपाट बाजू हुकाकडे. नव्या मशिनची सवय असलेले लोक सपाट बाजू मागे लावतात, मशिन मुकाट्याने चारदोन टाके घालतं आणि मग नाही म्हणतं. शिवाय सुई वर टेकेपर्यंत जायला हवी. वर तंतूंचा पुंजका बसलेला असतो, कधी जुन्या मोडक्या सुईचा तुकडा, सुई मिलिमीटरभर खाली राहते आणि हुकाची आणि तिची गाठच नीट पडत नाही. मी नवी सुई लावली, ९० ऐवजी १०० ची. हे आकडे म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर, पाकिटावर शेजारी १४ आणि १६ लिहिलेलं असतं ते त्यांचंच जुनं नाव. जाड सुईला नेढं मोठं, चर खोल, दोऱ्याला जागा मिळते. फरक पडला. डावीकडे चार बोटांच्या जागी वीतभर जायला लागलं. पण तुटायचं ते तुटलंच.

मशिनवाल्याला फोनवर सांगितलं तर तो ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाला, "टायमिंग गेलंय त्याचं."

टायमिंग हा शब्द ऐकला की आपण गप्प बसतो, डॉक्टरने लॅटिन बोलावं तसं होतं. पण गोष्ट साधी आहे. सुई पार तळाला जाते, तिथून दोनअडीच मिलिमीटर वर येते, तेवढ्या वर येण्याने दोरा सुईच्या अंगापासून सुटून फुगतो, आणि बरोब्बर त्या क्षणी हुकाचं टोक नेढ्याच्या किंचित वरून जाऊन तो फुगा पकडतं. हे बिघडलं तर टाके सुटतील, फास धरलाच जाणार नाही. माझा एकही टाका सुटत नव्हता. आणि टायमिंग गेलेलं मशिन उजवीकडे शहाण्यासारखं आणि डावीकडे वेड्यासारखं कसं वागेल? मी त्याला हे विचारलं, तर म्हणाला घेऊन या, बघू. नेलं नाही. त्याचं काही चुकलं असं नाही, फोनवरून दोऱ्याचं टोक कुणालाच दिसत नाही. पण मला तोवर त्या डावी-उजवीचा नाद लागला होता.

सरळ टीप घालताना कापड कायम एकाच दिशेने जातं, आपल्यापासून लांब. म्हणजे प्लेटच्या त्या बारीक भोकातून येणारा दोरा कायम भोकाच्या मागच्या कडेला टेकून जातो. एवढी वर्षं, आत्याचे सगळे परकर, झबली, उशांचे अभ्रे, सगळं त्या एकाच कडेवरून गेलं. बाकीच्या कडांना दोरा जवळजवळ लागलेलाच नाही. दाते पाडून असं हातांनी गोधडी फिरवत शिवताना, म्हणजे फ्रीमोशन करताना, मात्र दोरा भोकाच्या चारी कडांना टेकतो, आणि वेल डावीकडे न्यायची म्हणजे गोधडी उजवीकडे ओढायची, म्हणजे दोरा टेकणार उजव्या कडेला. कापड दाबून धरणारा मशिनचा पाय काढला, सुई काढली, प्लेटचे दोन स्क्रू काढले. (त्यासाठी खाचेत बरोबर बसणारा रुंद पेचकस घ्या, लहान घेतला तर स्क्रूचं डोकं कुरतडलं जातं आणि पुढच्या वेळी रडायची पाळी.) प्लेटखाली राखाडी पुंजक्याची गादी तयार झाली होती, ती ब्रशने काढली, तेलाने चिकटलेली काडीने खरवडली. मग प्लेट खिडकीत नेली. डोळ्याला काहीच दिसेना. बोटालाही काही नाही. जुन्या मोज्याचा पातळ नायलॉनचा तुकडा भोकातून आतबाहेर ओढला, तो सगळीकडे सरकला आणि उजव्या कडेला अडला. भिंगाखाली बघितलं तेव्हा दिसलं, सुईने कधीतरी मारलेला एक टोचा, आणि टोच्याच्या काठावर वर उचललं गेलेलं लोखंड, केसाच्या जाडीचंसुद्धा नसेल. कुणीतरी कधीतरी जाड काहीतरी बाजूने ओढलं असणार, सुई वाकून प्लेटवर आदळली असणार. आत्या असेल, आत्याच्या हाताखालची कुणी असेल. मशिन त्यानंतर वर्षानुवर्षं चाललं, कारण त्या कडेवरून जायची वेळच कुणी आणली नाही.

घासायचं म्हणजे कानस लावायची नाही, भोक मोठं झालं तर दुसरीच कटकट. जाड सुती दोऱ्याला धातू चमकवायची पेस्ट लावायची, दोरा भोकातून ओवायचा, प्लेट धरून त्या एका कडेवर पुढेमागे ओढत राहायचं. हात भरून येतात. दोरा काळा पडतो, तो टाकायचा, नवा घ्यायचा. मध्येमध्ये मोज्याचा तुकडा लावून बघायचं, अडतोय का. घासता घासता एकदा मनात आलं की नवं मशिन घेतलं असतं तर एव्हाना गोधडी पांघरायला आली असती. खरंच आली असती. जुनं ते सोनं वगैरे मला मनापासून पटत नाही, आत्याचं मशिन जड आहे, त्याच्या बगलेतून दुहेरी अंथरुणाची गोधडी गुंडाळून न्यायची म्हणजे खांद्यांची परीक्षा असते, आणि दिव्याचा उजेड नको तिथे पडतो. मी ते वापरते कारण ते उघडता येतं, आणि उघडल्यावर आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. यात थोडा हट्टही आहे, तो असू दे.

मोजा अडायचा थांबला तेव्हा प्लेट धुतली, पुसली, लावली, शटलला एक थेंब तेल दिलं, आधी चिंधीवर शिवून तेलाचे डाग जाऊ दिले. वेल डावीकडे नेली. गेली. परत नेली, परत गेली. मग एक अख्खी ओळ डावीकडेच नेली, डिझाइनमध्ये नसताना, त्यामुळे गोधडीच्या त्या कोपऱ्यात वेलीला एक लांबच लांब फांदी आहे, तिचं कारण कुणाला सांगत बसत नाही.

यानंतर दोरा तुटलाच नाही असं लिहिलं तर खोटं होईल. गोधडीचा भार टेबलाखाली लोंबत असेल तर तो सुईला मागून ओढतो, सुई वाकते, आणि मग भोक कितीही गुळगुळीत असलं तरी उपयोग नाही. शेजारी खुर्ची लावून त्यावर गोधडीचा ढीग ठेवला की हे थांबतं. हात सुईपेक्षा वेगाने धावले तरी तेच होतं, आणि वळणांवर हात धावतातच, चाकाचा वेग मात्र तोच राहतो. त्यावर उपाय मला अजून नीट जमलेला नाही, चाललंय. गोधडीच्या जोडकामात चांदण्याही आहेत, त्यांच्या मधोमध जिथे आठ तिकोनी तुकड्यांची टोकं एका जागी येतात तिथे शिवणींचा चांगलाच गठ्ठा होतो. पुढच्या वेळी त्या शिवणी एका बाजूला न दुमडता उलगडून इस्त्री करणार आहे, जाडी विभागली जाते. या वेळच्या चांदण्यांवर मी मोटर बंद करते आणि तेवढे सातआठ टाके चाक हाताने, माझ्याकडे फिरवून घालते. उलटं फिरवलं तर खाली गुंता होतो. अजून बऱ्याच चांदण्या शिल्लक आहेत.